इसाराची कॉन्टेसा

कानगाव, ता. दौंड
११ मार्च २०२४

चि. सारिकास मामांचा आशीर्वाद.

फोन तू उचलत न्हाईस. उचलला तर तुझा भाऊ दत्ता उचलतो आन् ताई झोपलीय म्हणतो. सकाळी झोपलीय, दुपारी झोपलीय, दिवेलागणीला झोपलीय. एवढी झोप तुला सासरी कवा आली न्हाई. म्हणून लिहायला बसलोय. तीस वर्षं कंपनीची बस चालवली, डिझेलच्या पावत्या सोडून हातानं काही लिहिलं न्हाई. अक्षराला हसू नको.

गाडी आणली. न्हावऱ्याच्या झुंबरबाईंच्या गोठ्यामागनं ट्रॅक्टरला टोचन लावून ओढत आणली. कॉन्टेसा. झुंबरबाईंचे मालक आनंदराव साखर कारखान्यावर संचालक हुते, तवा ही गाडी आली की वेशीतली माणसं बाजूला व्हायची म्हणं. आता चारी चाकं मातीत रुतलेली, मागच्या शिटावर कोंबड्यांची अंडी, आन् तळाचा पत्रा असा की पाय ठेवला तर भुईलाच लागावा. पोपट म्हणला, मामा, मोबाईलवर हिला भारताची मसल कार म्हणत्यात, मसल म्हंजी दंड. मी म्हणलं, हिच्या दंडात घुशी राहत्यात, आधी त्या काढ. पोपट मेस्त्री तुला ठावा हाय, वरवंडचा, रुद्रचा दोस्त. तुमच्या वरातीत नाचता नाचता गटारात गेलेला त्योच.

तू म्हणशील, पोटचा लेक, रुद्र, जाऊन दोन महिने न्हाई झाले आन् म्हातारा भंगार गोळा करतोय. म्हण. पण मी नदीवर समद्यांसमोर शब्द दिलाय.

दहाव्याला तू मागं बायकांत हुतीस, तुला पुढचं दिसलं नसंल. पिंड ठेवला. समोरच्या बाभळीवर कावळे भरलेले, पण एक खाली उतरंना. गेणबा म्हणला, जीव अडकलाय त्याचा, शब्द द्या. तुझ्या सासूचा भाऊ त्यो, असल्या कामात त्याला पुढं व्हायची लई हौस. त्याच्या सांगण्यावरनं मी हात जोडले आन् म्हणलं, रुद्र, सारिकाला लेकीवानी सांभाळू. कावळा हलला न्हाई. सत्यजीतला शिकवून मोठा करू म्हणलं. न्हाई. तुझ्या आईला दुखवणार न्हाई म्हणलं, तरी न्हाई. ऊन चढलं, माणसं घड्याळं बघाय लागली. तवा पोपट कानाशी आला आन् म्हणला, मामा, त्यानं न्हावऱ्याच्या एका गाडीला इसार दिलाय, माझ्याबिगर कुणापाशी बोलला न्हाई. मी म्हणलं, बाबा, तुझी गाडी मी घेतो. वाक्य पुरं झालं न्हाई तोवर कावळा पिंडाला शिवला.

त्यावर तुझी सासू म्हणली, बायकापोरापरीस त्या गाडीतच जीव हुता माझ्या लेकाचा. म्हणायला नको हुतं, मला कळतं. बाकीच्या बायकांनी त्याला फोडणी दिली, तेही कळतं. पण सारिका, कावळ्याला काय आम्ही शिकवून आणला हुता? चार गावच्या माणसांनी बघितलं. त्याचा राग धरून तू तेराव्याचं जेवण उरकलं की पोरगं काखंला मारून माहेरी वढूला निघून गेलीस. मागं वळून बघितलं न्हाईस.

पाडव्याला ये. सत्याला घेऊन ये. घर खायला उठतंय. तुझी सासू रोज दोन ताटं जास्तीची वाढती आन् मग माझ्यावरच ओरडती.

रखमाजी

१९ जून २०२४

चि. सारिकास आशीर्वाद.

पाडवा गेला. आखाजीही गेली. बरं.

मी येऊन गेलो ते तुला आवडलं न्हाई, दिसलंच. संभाजी महाराजांच्या समाधीला आलो हुतो, म्हणलं वाटेत डोकावावं, असं मी दत्ताला सांगितलं. खोटं सांगितलं. समाधीला नंतर गेलो. सत्या 'आबा' करत पळत आला आन् माझ्या गुडघ्याला मिठी मारली तवा मला काही सुधरंना. तू चहा दिलास, उभ्यानंच कप उचलून नेलास. चहात साखर मात्र बरोबर माझ्या मापाची हुती.

गाडीचं ऐक, न्हाई तर नको ऐकू. पोपटानं इंजिन उघडलं. आत पाणी जाऊन समदं गंजून एक झालेलं. आठवडाभर तेल सोडून ठेवलं, मग हातोडीच्या दांड्यानं हळूहळू ठोकून सोडवलं. तळाचा पत्रा नवा मारला. दारं काढून अंगणात आडवी ठेवलीत, पाऊस लागायच्या आधी तुझ्या सासूनं त्यावर कुरडया वाळवल्या. ती गाडीला हात लावत न्हाई पण दारं चालतात. मी बसचा माणूस, मला ह्यातलं काही येत न्हाई. पान्हा देतो, दिवसभर शेजारी बसतो. पोपट म्हणतो, मामा तुम्ही घरी जावा. मी म्हणतो, घरी काय हाय?

इथं एक गोष्ट कानावर आली. तुला स्थळ बघत्यात म्हणं. अजून वर्ष झालं न्हाई. दत्ताला म्हणावं, बहीण जड झाली असंल तर तसं सांग, आमच्या घरात जागा हाय. खोटं असंल तर मला माफ कर.

रखमाजी

२ फेब्रुवारी २०२५

सारिका,

खोटं नव्हतं.

वर्षश्राद्ध झालं. तू आली न्हाईस, दत्ता नारळ देऊन गेला. जाताना वेशीत थांबून गेणबाला सांगून गेला की मांडवगणला जमवलंय. मला सांगायची हिंमत झाली न्हाई त्याला. मुलगा रांजणगावला कंपनीत हाय, पहिली बायको बाळंतपणात गेली, माणूस सरळ हाय, सत्यालाही घ्यायला तयार हाय. गेणबानं हे समदं मला अशा तोंडानं सांगितलं की जणू लॉटरी लागली.

लग्न कर. मी आडवा येणार न्हाई. आपल्यात पाट लावायला कुणाची कवा ना नव्हती, माझ्या सख्ख्या चुलतीचा लागला हुता. तुझं वय काय हाय, जन्म कसा काढशील, एवढं मलाही दिसतं.

पण पोरगं आमचं. माझ्या रुद्रचं पोरगं दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्याचं नाव लावून वाढणार असंल तर मी जगून काय करू? येत्या रविवारी बैठक बोलावलीय, दोन्हीकडची पाच-पाच माणसं. दत्ताला निरोप गेलाय. तू मला एका पत्राला दोन ओळी जरी लिहिल्या असत्या तरी ही वेळ आली नसती. मी काय दरोडेखोर हाय का? तू मला मामा म्हणायचीस.

लहान हाय त्यो. विसरंल. माझा बा मेंढरं घेऊन कोकणच्या वाटंला जायचा, मी त्याच्या मागं जन्म काढलाय. कोकरू आईपासनं तोडलं की दोन-चार दिवस ओरडतं, मग चरायला लागतं. मी किती कोकरं तोडलीत हातानं. समदी जगली.

रखमाजी

२६ फेब्रुवारी २०२५

चि. सारिकास आशीर्वाद.

सत्या मजेत हाय. हे आधी लिहितो, म्हंजी तू पुढचं फाडून टाकलंस तरी चालंल.

जेवतो, झोपतो. रडला न्हाई. खरंच एकदाही न्हाई. तुझी सासू म्हणती, किती शहाणं पोरगं हाय. दिवसभर गाडीत बसून चाक फिरवतो. अजून शिटं आलेली न्हाईत, पोपटानं दुधाचा क्रेट ठेवलाय त्याच्यासाठी. काल कोंबडीला गाडीत बसवून तिकीट मागत हुता.

बैठकीत मी जे बोललो ते बोललो. आता त्याचा कीस काढून काय उपयोग? तुमच्याकडचा त्यो मास्तर कायद्याचं बोलाय लागला, आईचाच हक्क असतो म्हणला, तवा मला राग आला. म्हणून मी नदीवरचं काढलं. म्हणलं, माझ्या लेकाच्या आत्म्यानंच सांगितलंय त्याचा जीव कशात हुता आन् कशात नव्हता, चार गावं साक्षीला हायेत, आता जिच्यात जीवच नव्हता तिनं त्याचं पोरगं कशापायी न्यायचं? तुमचीही माणसं खाली बघाय लागली. कावळ्याच्या म्होरं कोण बोलणार? दत्तानं होकाराची मान हलवली. त्याला लग्न मोडायला नको हुतं.

मला वाटलं तू भांडशील. तू भांडायला उठलीस तर मी काय म्हणायचं ते रात्रभर ठरवून आलो हुतो. तू आतनं आलीस, सत्याची पिशवी माझ्याजवळ ठेवलीस आन् म्हणालीस,

"मामा, त्याला अंधारात झोप येत न्हाई. दिवा चालू ठेवा."

एवढंच. मी पिशवी उचलली.

दिवा ठेवतो. तुझी सासू बिलाच्या नावानं बोटं मोडती, पण ठेवतो.

रखमाजी

१७ मार्च २०२५

सारिका, पोरी,

हे पत्र दत्तानं मधेच ठेवून घेतलं तर त्याला माझा तळतळाट लागंल. पाकिटावर तुझंच नाव मोठ्या अक्षरात घातलंय.

मागच्या आठवड्यात न्हावऱ्याला गेलो हुतो. गाडी घेतली तवा झुंबरबाई लेकीकडं हुत्या, व्यवहार त्यांच्या पोरानं उरकला हुता. नावावर करायच्या कागदावर त्यांची सही राहिली हुती. म्हातारीनं पाट दिला, ताक दिलं. सही केली. मग म्हणली, सूनबाई बरी हाय का? मी म्हणलं, तुम्हाला कुठनं ठाऊक माझी सून? तर म्हणली, अहो, गाडी पसंत तर तिनंच केली.

मला आधी कळंचना. मग त्यांनी समदं सांगितलं. तुम्ही दोघं मोटरसायकलवर आला हुता. रुद्र बाहेरनं बघून परत फिरला हुता, म्हणला फार सडलीय, नको. तूच आत शिरलीस, कोंबड्या हाकलल्यास, मागच्या शिटावर बसून बघितलंस. म्हणलीस, हिचं नाक लांब हाय, फुलं लई लागतील, पण नवरानवरी शोभून दिसतील. लग्नाला भाड्यानं लावायची, घरची गाडी, घरचा डायव्हर. म्हंजी मग ह्यांना कंपनीत जायला नको, असं म्हणलीस म्हणं. रुद्रच्या खिशात काही नव्हतं, तर तूच बोटातली अंगठी काढून म्हातारीच्या हातावर ठेवलीस. ह्यो आमचा इसार.

झुंबरबाईंनी ती अंगठी देव्हाऱ्यात ठेवली हुती. पोराला सांगायचं राहून गेलं म्हणल्या. माझ्या हातात दिली. मीच घेतलेली, मी वळखणार न्हाई का? साखरपुड्यात तुझ्या बोटात मीच सरकवली हुती, रुद्र लाजून मागं सरला हुता.

आन् हीच अंगठी हरवलीस म्हणून तुझ्या सासूनं तुला दिवाळीत किती टोचून खाल्लं. तू म्हणलीस, धुण्यात गेली असंल. तवाही बोलली न्हाईस. नदीवर बोलली न्हाईस. बैठकीत मी तुझ्या तोंडावर ते समदं बोललो तरी तू एका शब्दानं म्हणाली न्हाईस, मामा, ती गाडी आमच्या दोघांची हुती. का ग? एवढा कसला अभिमान? का मी ऐकून घेणारच न्हाई अशी खात्री हुती तुझी?

त्यो कावळा तुझ्याच नावानं खाली आला, पोरी. आन् त्याच कावळ्याच्या नावानं मी तुझं लेकरू तुझ्या पदराखालनं ओढून आणलं.

मी दुसऱ्याच दिवशी सत्याला घेऊन निघालो हुतो. त्याला बूट घातले. तुझी सासू उंबऱ्यात बसली, म्हणली, मला मारा आन् मग न्या. तिचंही बघवत न्हाई. रुद्र गेल्यापास्नं तिच्या अंगावर मास न्हाई, सत्या आल्यापास्नं भाकरी खाती. म्हणली, लग्न तोंडावर आलंय, आता घोळ नको, लग्न होऊ द्या मग बघू. ती म्हणली का मीच म्हणलो, आता नीट आठवत न्हाई. बूट काढले.

अंगठी दत्ताकडं पाठवली हुती. त्यानं तशीच परत धाडली, जुनं काही मांडवगणला न्यायचं न्हाई म्हणाला.

एवढं एकदा सांग. तोंडी सांग, कुणाबरोबर सांग. आणू का त्याला?

रखमाजी

२२ जून २०२५

चि. सौ. सारिकास आशीर्वाद.

हे पत्र पोपटाच्या बायकोबरोबर पाठवतोय, तिची मावशी मांडवगणला दिलीय. तुझ्या हातात देईन म्हणाली. कुणाला दिसू देऊ नको.

लग्न झालं, कळलं. चांगलं झालं. मग मी मे महिन्यात तुझ्या नव्या सासरी शब्द टाकला, की पोरगं आईजवळ असावं, माझी हरकत न्हाई. बैठकीत मी आडवा पडलो ती माझी चूक, असंही म्हणलो. तुझ्या नव्या सासूनं निरोप धाडला. म्हणली, मागत हुतो तवा दिलं न्हाई, आता सून आमची रुळायला लागलीय, पोराचं नाव काढू नका. त्यांचंही बरोबर हाय. मी काय तोंडानं बोलू?

सत्या शाळेत जायला लागला, पहिलीत. बाई म्हणती हुशार हाय पण बोलत न्हाई. घरातही आता बोलत न्हाई. मी ज्याला शहाणपण समजत हुतो ते शहाणपण नव्हतं, सारिका. कोकरू ओरडतं तवा त्याच्या आत काहीतरी सुटत असतं. ह्यो ओरडलाच न्हाई. तू भरून दिलेली पिशवी त्यानं अजून रिकामी करू दिली न्हाई. कपडे काढायचे, धुवायचे, घालायचे आन् परत पिशवीत. खुंटीला लावलेला सदरा त्यो काढतो आन् पिशवीत ठेवतो.

मधे जेवायचा न्हाई म्हणून इथली तुझी सासू त्याला भरवताना म्हणायची, एक घास खा, गाडी झाली की आईकडं जायचं. मला ठाऊक नव्हतं. घास पोटात जावा म्हणून म्हणायची बिचारी. महिनाभर असंच भरवलं तिनं.

मागच्या आठवड्यात गाडी सुरू झाली. पोपटानं कार्बोरेटर इंदूरहून मागवला हुता. रंग झालाय, गडद निळा. चावी फिरवली, दोनदा गुरगुरली, तिसऱ्यांदा धरली. काय आवाज हाय, सारिका. अंगणातली भांडी थरथरली. पोपट रडाय लागला, रुद्रचं नाव घेऊन रडाय लागला. मीही स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. आन् डोकं वर केलं तर सत्या दार उघडत हुता. अंगात शाळेचा शर्ट, पायात उलटेसुलटे बूट, हातात ती पिशवी. चढला, माझ्या शेजारी बसला, पिशवी मांडीवर घेतली. दोन्ही हातांनी धरली. गप झाल्यापास्नं पहिल्यांदा त्यानं आपणहून तोंड उघडलं.

म्हणला, "आबा, चला."

पोपटानं माझ्याकडं बघितलं. मी पोपटाकडं बघितलं. काय करायला पायजे हुतं मी? गाडीचे कागद अजून झाले न्हाईत हे खरं, पण मांडवगण कुठं लांब हाय? निघालो असतो तर तासा-दीड तासात तुझ्या दारात उभा राहिलो असतो. पुढं काय? तुझ्या नव्या सासूच्या अंगणात त्याला तुझ्या गळ्यातनं परत ओढून काढायचं? एकदा काढलंय मी. दुसऱ्यांदा माझ्यानं होणार न्हाई. आन् त्याला तिथंच ठेवून रिकाम्या गाडीनं परत यायचं, तर तेही माझ्यानं होणार न्हाई. खरं सांगतो, दोन्हीतलं दुसरं जास्त अवघड वाटलं. लाज वाटती लिहायला.

मी चावी बंद केली. म्हणलं, बिघडली बाळा. परत बिघडली.

त्यो बसून राहिला. मग उतरला, पिशवी घेऊन आत गेला.

मी बॉनेट उघडून डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढली आन् घरात ज्वारीच्या कणगीत खोल दाबून ठेवली. ती न्हाई तर इंजिन धरत न्हाई, एवढं मला आता कळतं. पोपटाला सांगितलं, कुणी विचारलं तर पार्ट मिळत न्हाई म्हण. पोपट म्हणला, मामा, हे बरं न्हाई. मी म्हणलं, बरं कुठलं हाय ते मला दाखव.

तर आता रोज असं हाय. सत्या शाळेतनं येतो, दप्तर टाकतो, पिशवी घेतो आन् गाडीत जाऊन बसतो. पोपट आला की विचारतो, झाली का? पोपट म्हणतो, न्हाई रे, पार्ट न्हाई आला. त्यानं बॉनेट उघडून वाकून बघायचं नाटकही करून बघितलं. त्याला जमत न्हाई ते, मान खाली घालतो. दोन दिवस झाले पोपट आला की सत्या तोंड फिरवतो. काल पोपटानं त्याला गोळ्या आणल्या, त्या त्यानं घेतल्या आन् त्याच्यादेखत कोंबड्यांना टाकल्या. माझ्याजवळ मात्र येऊन टेकून बसतो, माझा हात धरतो. त्याला वाटतंय, गाडी पोपटानंच बिघडवली.

रखमाजी